न आलेलं दूध

३ जून

प्रिय काकू,

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, म्हणून पत्र लिहितेय. शिवाय हे मला कोणाला तरी नीट बसून सांगायचंय, आणि आई गेल्यापासून नीट बसून ऐकणारं माणूस मला राहिलेलं नाही.

माझा अर्ज परत आला. तिसऱ्यांदा. संशोधनाला पैसे देणारं जे मंडळ आहे, त्यांनी तो दोन परीक्षकांना दाखवला. एकाने लिहिलंय, 'बाजारात डब्याचं दूध सहज मिळत असताना या कामाची निकड स्पष्ट होत नाही.' दुसऱ्याने लिहिलंय, 'हा प्रश्न जीवशास्त्राचा नसून मनोबलाचा आहे. अशा माता लवकर हार मानतात.'

मी काय करते ते तुला एकदा सरळ सांगते. काही बायांना मूल झाल्यावर दूध येतच नाही, किंवा चमचाभर येतं. का, ते फारसं कोणाला ठाऊक नाही. दुधाबरोबर आईच्या शरीरातल्या काही जिवंत पेशीही बाहेर येतात. त्या पेशी तपासल्या, तर आत कुठे अडलंय ते बाईला कुठेही न कापता कळू शकतं. ज्यांना थेंबभरही आलं नाही त्यांचं रक्त तपासायचं. एवढंच काम. शेजारच्या खोलीत गाईच्या दुधावर संशोधन चालतं, त्यांच्याकडे यंदा दोन नवी यंत्रं आली. गाय दूध कमी देते म्हटलं की समिती बसते. बाईला दूध कमी म्हटलं की तिला धीर द्या म्हणतात.

आमचे व्यवस्थापक म्हणाले, डिसेंबर संपायच्या आत मोठा फ्रीजर रिकामा करा, दुसऱ्यांना हवाय. मी म्हटलं, आत तीनशे सहा नमुने आहेत, चार वर्षं गोळा केलेले. ते म्हणाले, "मॅडम, दूधच आहे ना?"

तू तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलीस. खरंच दूध न आलेली बाई तू पाहिलीस का? किती? तुला घरचा अनुभव फारसा नाही हे मला माहीत आहे. तुझा चिमणा आठ महिन्यांचा असताना तू त्याला आमच्याकडे ठेवून नोकरीच्या मागे गेलीस, आणि तो नि मी एकाच आईच्या दुधावर वाढलो. पण वॉर्डातलं तरी सांग.

तुझी,
ढब्बू


१५ जून

ढब्बे,

पत्र पोचलं. एवढी शिकलीस, पण अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच.

विचारलंस म्हणून सांगते. दूध येत नाही असं नसतं. बाई घाबरते, थकते, घरचे डबा आणून ठेवतात, की संपलं. मी तीस वर्षं एकच सांगत आले, मनात आण, येईल. बहुतेकींना आलं. ज्यांना नाही आलं त्यांनी मनात आणलं नसेल. तुझा तो दुसरा परीक्षक अगदीच चुकीचं बोलत नाही.

माझं ऐकशील तर हा नाद सोड. चव्वेचाळीस वर्षांची झालीस. जगात दुसरे का आजार कमी आहेत?

इकडे ठीक. जिन्यातला दिवा गेलाय, तो बदलायला माणूस येतो म्हणतो आणि येत नाही. चिमण्याचा दोन महिन्यांपूर्वी फोन आला होता. तिकडे थंडी आहे म्हणाला. मी म्हटलं, स्वेटर घाल. तो म्हणाला, घातलाय. मग आम्ही फोन ठेवला.

घरच्या अनुभवाबद्दल जे लिहिलंस, ते असू दे.

काकू


२४ जून

काकू,

तुझं वाक्य आणि त्या परीक्षकाचं वाक्य मी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. फरक इतकाच की त्याचं छापलेलं आहे.

माझ्याकडे एक बाई आली होती, शिवणकाम करणारी. दिवसातून आठ वेळा पंप लावायची. मधल्या वेळात मशीन चालवायची. बाळ अठरा दिवसांचं असताना ती आली, ती बाटलीचा तळ जेमतेम ओला होईल एवढं दूध घेऊन. मला म्हणाली, "ताई, एवढ्यावर भागेल का? बाकीचं त्याला पाजायला ठेवलंय." मी ती बाटली हातात घेतली तेव्हा ती अजून कोमट होती, ब्लाउजमध्ये धरून आणली होती तिने. तिच्या मनात नव्हतं असं मला सांगू नकोस. दुसरं काहीही सांग.

मंडळाने दार अगदीच लावलेलं नाही. ऑगस्ट संपायच्या आत सुधारलेला अर्ज द्या म्हणतात, पण त्यासाठी निदान वीस बाया हव्यात ज्यांना दूध आलं नाही आणि ज्या लेखी संमती देतील. जमलं तर एकाच घरातल्या आई-मुली, बहिणी-बहिणी. त्या मी कुठून आणू? अशा बाया आपण होऊन कधी बोलत नाहीत. माझी मदतनीस मे महिन्यात गेली, तिला पगारच देता येईना. आता या लांबलचक खोलीत मी आणि फ्रीजरची घरघर. रविवारी दिवसभर कोणाशी बोलले नाही, हे मला सोमवारी 'गुड मॉर्निंग' म्हणताना घसा खरवडला की कळतं.

तुला हा नाद वाटत असेल तर असो. पुन्हा विचारणार नाही.

ढब्बू


२१ जुलै

ढब्बे,

महिना लावला उत्तराला. पहिले चार दिवस मी रागावले होते. तुझं पत्र भांड्यांच्या फळीवर पालथं घालून ठेवलं होतं. मग त्या शिवणवालीचं पुन्हा वाचलं आणि मला एक बाई आठवली.

सतरा वर्षांपूर्वी माझ्या वॉर्डात होती. टपाल कार्यालयात नोकरी करायची. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सिस्टर, येत नाही हो." मी तिला भरल्या वॉर्डात म्हटलं, "नखरे सोड. मूल जन्माला घालता आलं ना, मग पाजताही येईल." तिने मान खाली घातली ती घरी जाईपर्यंत वर केली नाही.

ती अजून तिथेच असते, हे मला ठाऊक होतं. मी त्या कार्यालयात जाणं टाळते, तिकिटं शेजारणीकडून मागवते. गेल्या मंगळवारी गेले. रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर ती म्हणाली, "काय पाहिजे?" मी म्हटलं, "काही नको. मी त्या वॉर्डातली सिस्टर. तुमची माफी मागायला आले." तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. "मागे लोक खोळंबलेत," म्हणाली. मी बाजूला होऊन बाकावर बसले. तिच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत दीड तास बसले.

सुट्टीत ती डबा घेऊन बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि अर्धा डबा संपवला. मग म्हणाली, "माझ्या बहिणीलाही आलं नाही, दोन वर्षांनी. तिने तर सांगितलंच नाही कोणाला. मी तिला सांगितलं होतं ना, सांगितलं की काय ऐकावं लागतं ते. बाळ सुकून काडी झालं तेव्हा कळलं." मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "वाचलं. आता पंधरा वर्षांची आहे. पण तुमच्यामुळे नाही वाचली."

आता घरच्या अनुभवाचं सांगते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

चिमण्याच्या वेळी मला दूध आलं नाही. एक थेंबही नाही. अकरा दिवस मी त्याला छातीशी धरून होते. तो ओढायचा, रडायचा, दमून झोपायचा, उठून पुन्हा ओढायचा. सासूबाई, म्हणजे तुझी आजी, म्हणाल्या, "हिच्या मनातच नाही." तुझे काका बदलीच्या गावी होते. आले, ऐकलं, आणि परत कामावर गेले. तू तेव्हा सात महिन्यांची होतीस, लोण्याचा गोळा. बाराव्या दिवशी तुझी आई खोलीत आली. मला काही विचारलं नाही. त्याला माझ्या मांडीवरून उचललं आणि पदराखाली घेतलं. खोली एकदम शांत झाली. रडण्याची कानाला इतकी सवय झाली होती की मला वाटलं, पोर गेलं. मग गिळण्याचा आवाज ऐकू आला.

त्यानंतर दर दोन-अडीच तासांनी मी त्याला नेऊन वहिनींच्या मांडीवर द्यायची आणि दाराबाहेर बसायची. आत बसवत नव्हतं. आठ महिने बसले. मग नर्सिंगच्या प्रशिक्षणाची जाहिरात आली. वसतिगृहात राहावं लागणार होतं. ढब्बे, मी नोकरीसाठी पोराला सोडलं नाही. मी ते दाराबाहेर बसणं सोडलं. घरच्यांनी नोकरीचं कारण धरलं, मीही धरलं. हिला दूध आलं नाही, यापेक्षा ही पोर टाकून गेली हे ऐकून घ्यायला सोपं होतं.

आणि पुढे तीस वर्षं मी बायांना तेच म्हणत राहिले जे मला म्हटलं गेलं. का म्हणालीस तर मला नीट सांगता यायचं नाही. एखादी कोणी उठून 'नाही सिस्टर, तसं नाही' म्हणेल, याची मी वाट पाहत असेन. कोणी म्हटलं नाही. बाळंतीण कुठे उलट बोलते?

चिमण्याला यातलं काही ठाऊक नाही. तू सांगू नकोस.

आणि तुला वीस बाया हव्यात ना? माझ्या लक्षात आहेत. सगळ्या आहेत.

काकू


२ ऑगस्ट

प्रिय काकू,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्याने वाचलं. मग स्टूल ओढून पुन्हा वाचलं.

लहानपणी मी नि चिमणा भांडलो की मी त्याला म्हणायची, 'तुझी आई तर तुला टाकून गेली.' तो मारायचा नाही मला. बाहेर जाऊन बसायचा. मी हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

आणखी एक. शेवटच्या आजारात आई दोन-तीनदा म्हणाली, "चिमण्याच्या आईला सांग." काय सांगू, विचारलं की भिंतीकडे तोंड फिरवायची. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतेय. तिला खरं ठाऊक होतं आणि तरी आयुष्यभर आम्हाला तिने नोकरीचीच गोष्ट सांगितली. मी तिची बाजू घ्यायचा खूप प्रयत्न केला काल. दोन मुलं तिला आई म्हणत होती. त्यातलं एक परत द्यावं लागेल, अशी भीती वाटली असेल का? मला माहीत नाही, आणि आता विचारायला ती नाही.

कामाचं लिहिते. वॉर्डातल्या जुन्या नोंदी, पत्ते वगैरे कुठून काढू नकोस, ते चालत नाही. ज्या तुझ्या ओळखीच्या आहेत त्यांनाच भेट, एकटीला गाठून विचार, घरच्यांसमोर नको. नको म्हणाली तर नमस्कार करून परत यायचं, आग्रह करायचा नाही. सोबत संमतीचे तीस अर्ज आहेत.

एकतिसावा तुझ्यासाठी. भरलाच पाहिजे असं नाही.

तुझी,
ढब्बू


२६ ऑगस्ट

ढब्बे,

तेवीस अर्ज भरून पाठवतेय. अठ्ठेचाळीस दारं झाली. गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, म्हणून आता थांबते.

काही जणी दुसरीकडे गेल्या. दोघी वारल्या. एकीने दार उघडलं, मला ओळखलं आणि लावून घेतलं. आतून कडी घातलेली ऐकू आली. तिचं बरोबर होतं. एकीची सासू मध्ये येऊन बसली आणि म्हणाली, "आमच्या घरात असलं काही झालेलं नाही." सून तिच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी पाणी पिऊन निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले तर ती सून कचऱ्याची बादली घेऊन मागून धावत आली आणि बादली खाली ठेवून तिथेच अर्जावर सही केली.

बऱ्याच जणींनी मला एकच विचारलं, "आता कशाला आलात?" मी प्रत्येकीला खरं सांगितलं, की मलाही आलं नव्हतं. एक जण हसली. वाईट हसली नाही, पण खूप वेळ हसली. म्हणाली, "सिस्टर, हे तेव्हा कानात सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

टपालवालीने स्वतःचा आणि बहिणीचा, दोन्ही अर्ज भरून दिलेत. माझ्याशी जास्त बोलत नाही. पण मला आता रांगेत उभं राहू देत नाही.

तेविसावा अर्ज माझा. सातवा प्रश्न आहे, 'दूध न येण्याचं कारण तुम्हाला काय सांगितलं गेलं?' तिथे लिहिलं, मनात नव्हतं. त्याच्या खाली आहे, 'तुम्हाला स्वतःला काय वाटतं?' तिथे पेन टेकवलं आणि उचललं. कोरं सोडलं तर चालेल का? रक्त घ्यायला कोणाला पाठवतेस ते कळव. माझ्या शिरा सापडत नाहीत, जाणतं माणूस पाठव.

काकू


१२ डिसेंबर

प्रिय काकू,

कोरं सोडलेलं चालतं. तेविसांपैकी चौदा जणींनी ती जागा कोरी सोडली आहे.

काल मंडळाचं पत्र आलं. मागितलं होतं तीन वर्षांचं काम, दिलंय एका वर्षाचं. मदतनीस अर्ध्या वेळेची मिळेल. परीक्षक तोच मनोबलवाला होता बहुतेक. या खेपेला त्याने लिहिलंय, 'एवढ्या स्त्रिया पुढे आल्या हे अनपेक्षित आहे.' त्यांना पुढे आणायला कोण किती जिने चढलं, हे अर्जात लिहायला रकाना नव्हता.

फ्रीजर आहे तिथेच राहणार. व्यवस्थापकांना मी पत्र दाखवलं. ते म्हणाले, "अभिनंदन मॅडम, दुधाला भाव आला." मीही हसले.

बातमी कळल्यावर कोणाला तरी सांगावंसं वाटलं. फोनमधली नावं वरून खाली पाहिली आणि फोन ठेवून दिला. मग हे पत्र लिहायला घेतलं.

ढब्बू


४ नोव्हेंबर

प्रिय काकू,

वर्षभरात मी तुला भरपूर कंटाळवाणी पत्रं लिहिली, हे शेवटी कामाचं. दोनदा फाडलं, हे तिसरं.

तेविसांपैकी नऊ जणींच्या रक्तात आम्हाला एकच बदल सापडला. बाळंतपणानंतर शरीर स्तनाला निरोप धाडतं, आता दूध बनव. या बायांमध्ये निरोप निघतो, पण तो घेणारी जागाच नीट घडलेली नाही. त्यांनी कितीही मनात आणलं असतं तरी आलं नसतं. शिवणवालीच्या दुधातल्या पेशीही तेच सांगतात. टपालवाली आणि तिची बहीण, दोघी त्या नवांत आहेत. ज्यांनी लेखी विचारलं होतं त्यांना मी कळवलं आहे. काम अजून लहान आहे, दुसऱ्या कोणी पडताळायला हवं, हेही कळवलं आहे.

तूही लेखी विचारलं होतंस.

काकू, तुझ्यात तो बदल नाही. दुसरं काही कारण असेल, नक्की असेल, पण आज आमच्याकडे जी साधनं आहेत त्यांनी ते दिसत नाही. नियमाने दोनदा तपासायचं असतं. तुझं मी तीनदा तपासलं. तिसऱ्यांदा मदतनीस म्हणाली, "मॅडम, हे झालंय आपलं." मी म्हटलं, असू दे, पुन्हा लाव.

मला तुला हे लिहायचं नव्हतं. दुसरं काहीतरी लिहायचं होतं.

पैसे डिसेंबरात संपतात. पुढच्या अर्जाला बसलेय.

ढब्बू


११ डिसेंबर

ढब्बे,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. लपवत नाही. मी मनात धरून चालले होते की माझंही निघणार. कागद हातात यायचा, त्यावर तुझी सही असायची, आणि मी तो कुठे ठेवायचा तेही ठरवून ठेवलं होतं.

टपालवाली आणि तिची बहीण त्याच आठवड्यात माझ्याकडे आल्या. बहीण मी पहिल्यांदाच पाहिली. दारातच माझे दोन्ही हात धरून उभी राहिली, आत येईना. मग चहा झाला. टपालवालीने विचारलं, "सिस्टर, तुमचं काय निघालं?" मी म्हटलं, "माझं नाही निघालं." ती कप ठेवून म्हणाली, "म्हणजे अजून शोधायचंय." जशी काही उशिरा येणाऱ्या मनिऑर्डरची गोष्ट. त्या गेल्यावर मी तुझं पत्र पुन्हा काढलं. पहिल्या वेळी मी 'सापडलं नाही' एवढंच वाचलं होतं. तीनदा शोधलं, हे या वेळी वाचलं. ढब्बे, त्या अकरा दिवसांत घरात इतकी माणसं होती. कोणी एकदाही शोधलं नाही. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

सातव्या प्रश्नाखालचं कोरं आता भरता येत असेल तर माझ्या वतीने भर. 'माझ्या मनात होतं' एवढंच लिही. शास्त्राला उपयोग नसेल तर राहू दे.

आता दुसरं. कारण सापडलं की ते चिमण्याला पाठवायचं, असं मी ठरवलं होतं. हातात कागद असला की सांगणं सोपं. कागद आला नाही तेव्हा लक्षात आलं, की सांगायचं तर कारणाशिवायच सांगावं लागणार. तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी मी त्याला सगळं लिहिलं. अकरा दिवस, वहिनींचा पदर, दार, वसतिगृह. माझी बाजू मांडली नाही, झालं तसं लिहिलं. वहिनींबद्दल वावगं काही लिहिलं नाही. त्यांनी त्याला जगवलं, हेच खरं आहे.

तीन आठवडे काही आलं नाही. फोनही नाही. मी रोज खाली जाऊन पेटी बघायची. वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "कोणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "बिलाची."

काल त्याचं पत्र आलं. अर्धं पान. तिकडची थंडी, कामाचं काहीतरी. मग शेवटी एकच ओळ आहे. विचारतो, 'तू बाहेर बसायचीस तेव्हा तुला माझा आवाज ऐकू यायचा का?'

सकाळपासून त्याला उत्तर लिहायला बसलेय. 'यायचा' एवढा एकच शब्द झालाय. पुढचं लिहून होईपर्यंत तुझं पत्र लांबवत नाही.

काकू